कोट घातलेलं विश्वस्त मंडळ

आमच्या घरात देवाची भक्ती आईकडे होती आणि देवावरची चिडचिड माझ्याकडे. मी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत कामाला होतो, सुट्टीला कुंभार पिंपळगावला घरी यायचो. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. आई हिवतापातून नुकती उठली होती आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, देव बघून घेईल. एकदा मी भडकलो. "देवाला दिसतंय, तुला दिसून न्हाई राह्यलं!" म्हणालो आणि दार असं आपटलं की भिंतीवरची तसबीर खाली आली. जांब समर्थच्या देवळाचा तो फोटो वडिलांनी मोठ्या हौसेनं आणला होता. काच फुटली, चौकट मोडली. आई ओरडली नाही. "देव भिंतीवर येस्तोवर मी जेवणार न्हाई," एवढंच म्हणाली.

फोटो जालन्याला फ्रेमवाल्याकडे टाकला. इकडे तीन दिवस आई नुसत्या चहावर. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, एवढ्या अशक्तपणात उपास म्हणजे जिवाशी खेळ आहे. चौथ्या दिवशी मी फ्रेमवाल्याच्या टेबलावर हात आपटत होतो. तिथं वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एकाच आकाराची दोन पुडकी होती. त्यानं हात पुढं करायच्या आत मी एक उचललं.

"साहेब, खोलून बघा तरी."

"देऊळ काय रस्त्यात बदलतं का?" असं सुनावून मी बस गाठली.

घरी कागद सोडला, तर आत देऊळच नव्हतं. उंच कमानींची कुठलीशी भव्य इमारत, आणि पायऱ्यांवर कोट-टोप्या घातलेली दहा-बारा माणसं. कळस नाही, घंटा नाही. आई मागून विचारत होती, "आला का देव?" परत जाऊन यायचं म्हणजे आणखी एक दिवस गेला. मी तिच्या खोल गेलेल्या गालांकडे पाहिलं आणि "आला" म्हणून तो फोटो खिळ्याला टांगला.

तिनं काचेला नाक लावलं. "एवढ्या कमानी कवा झाल्या?"

"जीर्णोद्धार झालाय."

"अन् हे काळं काळं कोण उभंय?"

"विश्वस्त मंडळ."

तिनं विश्वस्त मंडळासकट सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि पिठल्याशी दीड भाकर खाल्ली. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हात जोडले. कोणाला, ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काखेत पुडकं धरून एक वयस्कर गृहस्थ दारात आले. फ्रेमवाल्यानं त्यांना आमच्या गावाचं नाव सांगितलं होतं. पुढचं सोपं होतं. चौकात त्यांनी "बियाण्यांच्या कंपनीतला, लवकर चिडणारा" एवढं विचारलं, तर तिघांनी एकदम आमचं घर दाखवलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. पुढच्या आठवड्यात कायमचे मुलाकडे इस्रायलला निघाले होते आणि मी उचललेली ही त्यांची तसबीर त्यांना सोबत न्यायची होती. मी ओठांवर बोट ठेवून खुणा करत होतो, पण त्यांचं लक्ष भिंतीकडे होतं. तिथं आई हात जोडून पुटपुटत होती. त्यांनी खिशातून एक लहानशी टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि आईच्या शेजारी जाऊन गप्प उभे राहिले.

मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. मी आईला सगळं सांगून टाकलं. आता ही कायमचं अन्न सोडते, असंच मला वाटलं. पण आई त्यांच्याकडे वळून म्हणाली, "मंग हे देऊळ कुठलं, बाबा?"

"कराचीतलं आमचं प्रार्थनेचं घर, मावशी. सिनेगॉग म्हणतात. कोटवाल्यांत तिसरे माझे वडील. इमारत पाडली, आमचं तिथं कोणी उरलं नाही." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "तिच्यासमोर कोणी हात जोडलेले किती वर्षांनी पाहतोय मी."

"मी कुंकू लावलं की! बाटलं का?"

"आमच्यात चित्राला कुंकू लावत नाहीत. आमच्या देवाला रूपच नाही, तो दिसत नाही."

"मला तर आमचाबी दिसत न्हाई," आई म्हणाली आणि दोघंही हसत सुटली. हसता हसता ती मला म्हणाली, "यांना जेवायला वाढ. अन् त्या डोळ्याच्या डाक्टरला इचार. येवढं देऊळ घरात आलं अन् मला बराबर बघता आलं न्हाई." माझ्या वर्षभराच्या आरडाओरड्यानं जे झालं नव्हतं, ते असं झालं.

ते गृहस्थ पोटभर जेवून आपली तसबीर घेऊन गेले. त्यांनी आणलेलं जांबचं देऊळ मी घाईत शेजारच्या नव्या खिळ्यावर लावलं होतं, ते तिथंच राहिलं. ऑपरेशन झाल्यावर आई रोज देवळाला नमस्कार करायची आणि मग शेजारच्या रिकाम्या खिळ्याला.

"आई, तिथं काईच न्हाई."

"दिसतंय मला," असं म्हणून ती नमस्कार पुरा करायची.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी रागात, न बघता, दुसऱ्याचं पुडकं उचललं होतं आणि तेही कुणीतरी जिथं पोचायला हवं तिथं नीट पोचवलं. तेव्हापासून सगळं माझ्याच हातात आहे हा माझा हट्ट पुष्कळ कमी झाला. राग मात्र आहे. परवा रंगारी तो रिकामा खिळा उपटायला निघाला, तर मी असा ओरडलो की तो घाबरून शिडीवरून खालीच उतरला. मला फार लाज वाटली. त्याला चहा दिला, त्याची माफी मागितली आणि खिळ्याला हात जोडले. कोणाला, ते आता विचारत नाही.