रुमालांचा मनोरा

सुट्टी संपली की मोठी माणसं कुरकुरत का होईना, आपापल्या खुर्चीत जाऊन बसतात. पोरांचं तसं नसतं. ती सुट्टीत सगळं विसरून येतात आणि पाळणाघराच्या दारात अशी भोकाड पसरतात, की जणू आत कुणी त्यांना खायला टपून बसलंय. आत टपून बसलेली असते ती मावशी. तिला सगळे इतकी वर्षं मावशी म्हणत आलेत, की पगारपत्रकावर सही करताना स्वतःचं नाव आठवायला तिलाच क्षणभर थांबावं लागतं.

त्या सकाळीही दारात हाच तमाशा. त्यातलं टिल्लू नावाचं प्रकरण तर सुट्टीआधी मावशीच्या मांडीवरून उतरायला तयार नसायचं. आज तिला बघताच ते आईच्या गळ्याला घोरपडीसारखं चिकटलं.

"अरे, मावशी ना ती? विसरलास?" त्याची आई कसनुसं हसली. "सॉरी हं मावशी."

"सॉरी कसलं त्यात? ठेवा त्याला खाली आणि निघा तुम्ही. आणि वळून बघायचं नाही."

आई गेली. टिल्लूने हत्तीच्या चित्राखालची आपली दप्तराची खुंटी धरली आणि तिथेच बसकण मारून सूर लावला. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. पोरं विसरतात, हा या धंद्याचा नियमच आहे आणि त्याबद्दल रुसून बसणाऱ्या बाईने पाळणाघरात येऊच नये, असं तिचं मत होतं.

"सुट्टी कशी गेली मावशी?" पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी त्या कोलाहलातच विचारलं. "नात आली होती ना?"

"आली होती की. छान गेली."

सुट्टी छान गेली नव्हती. मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात, त्यामुळे नातीची आणि तिची खरी भेट हीच. मावशीने दारातच हात पसरले, "ये गं माझ्या राणी!" म्हणाली, आणि राणी आईच्या पायांमागे गेली. मग मावशीने बाहुली दिली. नातीने बाहुली घेतली आणि पळाली. चेंडू दिला, तोही घेऊन पळाली. एकदा तर मावशीने तिला उचलून छातीशी धरलं, तेव्हा ती इतकी रडली की शेजारी चौकशीला आले. सून बिचारी म्हणत राहिली, "होईल हो आई तिला सवय." मुलगा मात्र वैतागून म्हणाला, "आई, किती मागे लागतेस तिच्या!" साऱ्या सुट्टीत पोरीच्या तोंडून 'आजी' काही निघालं नाही. निघताना तिने जिन्यातल्या मांजराला टाटा केला, आजीला नाही. शेकडो परकी पोरं जिच्या अंगाखांद्यावर वाढली, तिच्याकडे सख्खी नात यायला तयार नव्हती. मावशीच्या हे फार जिव्हारी लागलं होतं. पुढची सुट्टी यायला वर्ष होतं, आणि तोवर पोरगी आपल्याला पुरती विसरून जाईल, याची तिला भीती वाटत होती.

पण रडणाऱ्या खोलीत उभं राहून स्वतःचं दुःख उगाळायला वेळ कुणाला असतो? मावशीने धुतलेल्या रुमालांची टोपली घेतली, पोरांकडे पाठ केली आणि चटईवर बैठक मारली. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ती कुणालाही जवळ बोलवत नसे. ती एकेक रुमाल घडी करायची, एकावर एक रचायची, बेसूर गुणगुणायची. मनोरा वाकडा व्हायचा आणि कोसळायचा. "अरे देवा," असं आपल्याशीच म्हणून ती पुन्हा रचायला घ्यायची. मोठं माणूस आपल्याला सोडून एकटंच काहीतरी करतंय, हे लहान पोराला फार वेळ सहन होत नाही.

तिसऱ्यांदा मनोरा पडला तेव्हा खुंटीखालचा सूर थांबला. थोड्या वेळाने मावशीच्या पाठीला एक गरम, घामेजलेली पाठ येऊन टेकली. मावशीने वळून पाहिलं नाही. आणखी थोड्या वेळाने एक रुमाल तिच्या हातातून ओढला गेला. दुपारी टिल्लू तिची बाही मुठीत धरून झोपला, आणि बाकीची मंडळीही एकेक करून चटईवर आडवी झाली.

संध्याकाळी त्याची आई धापा टाकत आली. टिल्लू तिच्याकडे बघायला तयार नाही, त्याचा मनोरा चाललेला.

"कमाल आहे तुमची! करता तरी काय मावशी?"

"काही नाही हो," मावशी नेहमीचंच बोलली. "मागे लागत नाही त्यांच्या, बस."

बोलली, आणि टोपली हातात घेऊन तशीच उभी राहिली. हेच शब्द मुलाने तिला ऐकवले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तिला स्वतःचा राग आला, थोडं हसूही आलं.

घरी पोचून चहा टाकला, तोवर मुलाचा व्हिडिओ कॉल आला. एरवी मावशी फोन नाकाला लावून ओरडायची, "कुठंय माझी राणी? बोलव तिला!" आज तिने फोन डब्याला टेकवून ठेवला, वाळलेले कपडे टेबलावर घेतले आणि पाठमोरी बसली.

"आई, तुझा चेहरा दिसत नाहीये."

"राहू दे. तू बोल, मी ऐकतेय. कामावर रुजू झालास का?"

तो ऑफिसातल्या कटकटी सांगत राहिला. मावशी हं हं करत घरातले रुमाल एकावर एक रचत राहिली, जरा बाजूला, फोनला दिसतील असे. मनोरा वाकडा झाला आणि पडला. "अरे देवा," ती म्हणाली. पुन्हा रचला, पुन्हा पडला. मुलगा बोलता बोलता थांबला. त्याच्या मागे कुणीतरी खुर्ची ओढत आणत होतं.

मावशीने तिसऱ्यांदा रुमाल रचले. सारं लक्ष मागच्या खुर्चीच्या आवाजाकडे होतं, त्यामुळे या वेळी मनोरा मुद्दाम पाडावा लागला नाही.

"आजी," फोनमधून आवाज आला, "पुन्हा पाड."

मावशीचे डोळे भरून आले. वळून बघावं असं तिला जितकं त्या क्षणी वाटलं, तितकं आयुष्यात कधी वाटलं नसेल. ती वळली नाही. तिने खालचा रुमाल उचलला, डोळे पुसले आणि त्याची घडी घालून पहिला म्हणून ठेवला.