मामांनी दुर्बीण गिळली

आमच्या बार्शीटाकळीच्या मामांनी आजवर कुठल्याही वस्तूच्या बाहेरच्या रूपावर विश्वास ठेवलेला नाही. टरबूज ते दुकानातच कापायला लावतात, गादी घेताना शिवण उसवून कापूस बघतात, आणि माझ्यासाठी मुलगी बघायला गेले ते थेट स्वयंपाकघरात शिरून डब्यांची झाकणं उघडत बसले. "डाळीत किडे नाईत, मानसं चांगले हायेत," हा त्यांचा निकाल. माझ्या आत मात्र सासरच्यांपैकी कुणी डोकावलं नाही, म्हणून लग्न पार पडलं.

असा हा माणूस, भाकर घशाखाली उतरेना तरी चार महिने गप्प! मामी दुधात कुस्करून द्यायची. शेवटी मी दोघांना अमरावतीला, राजापेठेतल्या एका डॉक्टरांकडे आणलं. कॅन्सर तर नाही ना, हा प्रश्न गाडीत आमच्यासोबतच बसून आला होता, पण त्याच्याशी कुणी बोललं नाही.

डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीच्या टोकालाच सूक्ष्मदर्शक आहे. अन्ननलिकेच्या पेशी इथेच पडद्यावर दिसतील. संशय आला तरच तुकडा काढू."

"कापल्याबिगर आतलं दिसते?" मामांना हा आपल्या हयातीचा अपमान वाटला. "मंग मले बी दाखवा. माल माया हाय."

"तुम्ही गुंगीत असाल, काका."

"मंग हा पाईन." बोट माझ्याकडे. मी साधी सुई पाहूनही भिंत धरतो; पण नेमणूक झाली.

मामांना गुंगी आल्यावर दुर्बीण आत गेली, शिरेतून पिवळा रंग दिला आणि पडद्यावर पेशी उमटल्या, कणसावरच्या दाण्यांसारख्या ओळीने. मी खुर्ची घट्ट धरून बघत होतो.

"पेशी शिस्तीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सरसारखं काही दिसत नाही. आम्लाने सूज आलीय, औषधाने उतरेल."

मामा बाहेर आले ते हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळे. मामीने हंबरडाच फोडला, "अवो, सकाळी बरे होते, यायले कावीळ लावून देल्ली या लोकायनं! बापू, गावात कावीळ उतरवनारा हाय, चाल!" रंग उद्यापर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितल्यावर तिने हातातल्या मामांच्या चपला खाली ठेवल्या. कॅन्सर नाही, ही बातमी तिला त्यानंतरच ऐकू आली.

परतताना मामा खिडकीबाहेर बघत होते. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाले, "बापू, औंदा संत्र्याचे कलमं नाई आनले मी. फळ धरायले पाच वर्सं लागते. म्हटलं, कोन पायते."

मग त्यांनी मला कोपराने ढोसलं. "नर्सरीवाल्याले फोन लाव न. खड्डे तयारच हायेत."

फोन वाजत होता तेवढा वेळ त्यांचा पिवळा हात माझ्या गुडघ्यावर होता. चार महिन्यांत किती हलका झाला होता तो.