मराठीत सोडवलेला पेपर

"म्हंजे विचारलंय काय, तर..."

राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये सराव परीक्षा सुरू असायची आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीकडून हे ऐकू यायचं. इंग्रजी प्रश्न ती आधी पुटपुटत मराठीत करून घ्यायची, मगच सोडवायची. उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं. पेपर मात्र कधी पुरा व्हायचा नाही. तुमच्याही वर्गात असं कुणी असेल, ज्याच्या पुटपुटण्याने आपली ओळ चुकते.

ती हुपरीची. घरी सगळेच चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडणारे. सकाळच्या एसटीने यायची आणि काही कळलं नाही की हात वर न करताच म्हणायची, "सर, ह्ये डोक्यावरनं गेलं." सर पुन्हा समजावायचे. तेव्हा मलाही कळायचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पण वर्गात तोंड उघडायला घाबरणारी. माझ्या गप्प बसण्यावरून ती मला ‘पावणं’ म्हणायची. "पावणं, बोला की. च्या-बिस्किटं आणू व्हय?" सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि मनात म्हणायचे, हिला इतकं मोकळं कुणी सोडलं?

एका गोष्टीत मी तिच्या पुढे होते. शहरातल्या ज्या कॉलेजात आम्हा दोघींना व्यवस्थापनाची पदवी करायची होती, तिथे फक्त राज्याची सीईटी चालायची, आणि ती इंग्रजीत. त्या एका सोयीवर मला शांत झोप लागायची.

देशपातळीवरची दुसरी परीक्षा मराठीत देता येते, हे तिने कुठून तरी शोधून काढलं. सर म्हणाले, त्या गुणांना इथे कोण विचारतंय. ती म्हणाली, "न्हाय विचारलं तर न्हाय. एकदा पेपर पुरा करून तरी बघतो." आमच्याकडच्या पुष्कळ मुलींसारखी ती ‘करतो, जातो’च म्हणायची. मी तसं बोलले की आई डोळे वटारायची. मला त्याचाही हेवा वाटायचा.

तिचा पेपर पुरा झाला. निकालानंतर थोड्याच दिवसांत विधानसभेने कायदा बदलला. त्या परीक्षेचे गुणही प्रवेशाला धरायचे ठरले. क्लासच्या जिन्यात पालक तावातावाने बोलत होते, त्यांत माझे बाबाही होते. आयत्या वेळी नियम बदलतात, मग आमच्या मुलांनी करायचं काय, असा सगळा सूर. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला ते पटत होतं. इतके दिवस ती एका पेपरात दोन पेपर सोडवत होती, हेही मला दिसत होतं. पण ते मला पटवून घ्यायचं नव्हतं.

तिला ते कॉलेज मिळालं. माझं थोडक्यात हुकलं.

प्रवेश पक्का करायच्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात उभी. तिच्या वडलांना काम सोडून येता आलं नव्हतं. माझे बाबा तिला पाहून आत निघून गेले. आईने पाणी दिलं, ते तिने हातातच धरून ठेवलं.

"तिथं समदी इंग्रजीत बोलत्यात म्हणं," ती हळू आवाजात म्हणाली. "गेटपातुर जाऊन माघारी आलो. संगं येतीस काय?"

मी उंबऱ्यात आले. आईकडे पाहिलं नाही.

"ती जागा मला हवी होती," मी म्हणाले. "तुला मिळाली याचा मला जराही आनंद झालेला नाही. थांब, चप्पल घालते."