दीपगृहाखालचे दगडी तळहात

दीपगृहाच्या पायथ्याशी एका दगडावर दोन तळहात कोरले आहेत. इंग्रजांच्या काळात, भर वादळात दिव्याचं यंत्र मोडलं, तेव्हा इथल्या राखणदाराने तो अवजड दिवा उजाडेपर्यंत हातांनी फिरवला. होड्या परतल्या, पण त्याचे तळहात सोलून निघाले. म्हणून कोळणी आजही त्या दगडी हातांना खोबरेल लावतात.

एका म्हातारीने वाटी माझ्यापुढे धरली. "लाव रं दादा. लाजतोस काय नव्या नवऱ्यावानी?"

मला हसू आलं नाही. न कंटाळता तेच ते करत राहणं, एवढंच तर त्या माणसाने केलं होतं. माझे बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची असे. दुपारची पाळी माझी. मी क्रिकेट बघत ‘हे षटक संपू दे’ म्हणत राहायचो. त्यांना बोलता येत नव्हतं. ते नुसते दाराकडे बघायचे. पाठीला जखमा झाल्या, चिघळल्या आणि बाबा गेले. सगळे म्हणाले, सुटले. मीही तसंच म्हणालो.

म्हातारीने माझी बोटं तेलात बुडवली. "हळू लाव हां. दुखत असंल त्याला."

दुखतंय का, हे बाबांना मी एकदाही विचारलं नव्हतं.