बॅरो ते कॉट्झब्यू, फक्त पाऊण तास

परक्या मुलखात चार मराठी घरं एका गावात आली, की किस्से फ्रीझरमधल्या डब्यांसारखे साठत जातात. आमच्या अँकरेजमधले बहुतेक डबे समीर आणि गौरीच्या नावाचे!

लग्न झालं आणि दोघांना अलास्कात दोन वेगळ्या गावांत नोकऱ्या मिळाल्या. नागपूरचा समीर अगदी उत्तरेला, बॅरोच्या शाळांचे कॉम्प्युटर सांभाळतो. गौरी कॉट्झब्यूच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. दोन्ही गावं उत्तरेतच, पण मधे थेट विमान नाही. आधी खाली अँकरेजला यायचं, मग पुन्हा वर जायचं. त्यामुळे येता-जाता दोघांचा मुक्काम आमच्याकडे.

*

समीरच्या आईंनी नागपुरात सायबर कॅफेत जाऊन या दोन एअरपोर्टमधलं अंतर बघितलं. कॉम्प्युटर म्हणाला, विमानाने पाऊण तास. झालं! लगेच फोन.

"काय बाप्पा! पाऊण तासावर बायको, अन् तू महिना महिना भेटत नाहीस?"

"आई, तेवढं अंतर आहे. विमान नाहीये!"

आईंना पटलं नाही. त्यांनी हळूच मला फोन केला. "तुम्ही तरी खरं सांगा, भांडले का दोघं?"

*

एकदा समीर कॉट्झब्यूच्या तिकिटासाठी फोनवर बोलत होता. पलीकडची बाई खाली कुठल्या तरी उन्हाच्या राज्यातली असावी. म्हणाली, "एवढ्याशा अंतराला विमान कशाला? कार रेंट करा ना!"

"रस्ता नाही, मॅडम."

"अरेरे, बर्फामुळे बंद आहे का?"

"बंद नाही, बांधलेलाच नाही!"

*

गौरीला भेटायला आम्ही दोघं कॉट्झब्यूला गेलो होतो. तिथून तिच्याबरोबर छोट्या विमानाने एका खेड्यात निघालो. त्या विमानात बॅगांसारखं माणसांचंही वजन धरतात. आमच्या ह्यांनी काउंटरवर वाकून अगदी हळू आवाजात आकडा सांगितला. काउंटरवरच्या मुलीने तो सामान चढवणाऱ्याला ओरडून कळवला!

हे लालेलाल. "इतकी वर्षं हिलासुद्धा सांगितला नव्हता!"

*

पहिली दिवाळी आली. पहिल्या पाडव्याला समीरला ओवाळायचंच, असा गौरीचा हट्ट. समीरला जेमतेम दोन दिवसांची रजा मिळाली. आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला आणि पाडव्याला सकाळी चकल्यांचा डबा घेऊन निघाला. तिकडे गौरी साडीवर जाड कोट चढवून, ताट घेऊन एअरपोर्टवरच जाऊन उभी राहिली.

दुपारी आमची बेल वाजली. दारात समीर, हातात तोच डबा.

"अरे, तू इथे कसा?"

"धुकं होतं, काकू. रनवेच दिसेना. पायलटने दोन घिरट्या घातल्या आणि विमान परत आणलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बॅरोचं विमान धरायचं होतं. तो बूट काढत बसला, पण नाडी काही सुटेना. तेवढ्यात गौरीचा फोन आला.

"काकू, पोचला का तो?"

"पोचला गं, इथेच आहे. तू रडू नकोस हं."

"रडत नाहीये, काकू. विमानाचा आवाज आला मला. दोनदा, अगदी डोक्यावर." मग म्हणाली, "मी बाहेर जाऊन ओवाळलं."