एका चेंडूचे सहा खेळ

गड्ड्याच्या जत्रेत त्या वर्षी एका तंबूबाहेर पाटी लागली होती : 'नवीन यंत्र! टीव्हीवर सहा खेळ!' सोलापुरात तेव्हा टीव्हीचं प्रक्षेपण येतच नव्हतं, त्यामुळे नुसता टीव्ही बघायलासुद्धा रांग. मालक मैंदर्गीचा, रेडिओ दुरुस्त करणारा. मुंबईहून खेळाची पेटी आणून त्यानं ती टीव्हीला जोडली होती.

मी तिकीट काढून सहाही खेळ लावून बघितले. टेनिस म्हणजे दोन पांढऱ्या दांड्या आणि एक चौकोनी चेंडू. हॉकी म्हणजे तेच, फक्त कडेला भिंती. फुटबॉल म्हणजे तेच, दांड्या जास्त. बाकीचे तीन सांगण्याच्या लायकीचे नाहीत. माझं डोकं फिरलं. यंत्र नवं असलं म्हणून काय झालं? सोबत येणारे खेळ हीच त्याची किंमत. तेच खोटे असतील तर पेटी म्हणजे नुसता डबा. हे मी आजही म्हणतो.

आमची तरुणांची संघटना होती. गिरणीच्या दारात पत्रकं वाटून हात असे सरावलेले, की अन्याय दिसला की आधी पत्रक छापायची स्टेन्सिल कापायची, विचार नंतर. 'कामगारांनो, सहा खेळांच्या नावाखाली तुमची लूट!' दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर आम्ही चौघे तंबूत शिरून वाटायला लागलो.

रांगेतल्या एका विणकरानं पत्रक वाचलं आणि त्यातच तंबाखूची पुडी बांधली.

"अवो पुढारी, मला ह्या मेव्हण्याला हरवायचंय. हॉकीत का टेनिसात, ते तुमी ठरवा की!"

"तीन दिवस हरतोय ह्यो," मेव्हणा म्हणाला. "आज बी रडणार."

सगळी रांग हसली. मी मालकाकडे वळलो. "पाटी काढा!"

"का काढू? सहा बटणं हायत, सहा लिवलंय."

"ही फसवणूक आहे!"

"तुमी सोडून कुणाची तक्रार हाय का?"

पुन्हा हशा. तो मला सहन झाला नाही. मी वायर धरून हिसडली. टीव्ही टेबलावरून निघाला, मालकानं झेलायला उजवा हात घातला आणि काचेचा स्फोट झाला. तळव्यात काच आरपार. रक्त त्याच्या शर्टावर, पेटीवर, माझ्या पत्रकांवर.

"आमचा डाव मोडला भाड्यानं!" विणकर ओरडला. ज्यांच्यासाठी पत्रक काढलं होतं, त्यांनीच मला खाली पाडलं. पोटात लाथा, तोंडावर चपला. मेव्हण्यानं तंबूचा बांबू उपसून माझ्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. माझे तिघे साथी केव्हाच पळाले होते.

सरकारी दवाखान्यात आम्हाला शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मालकाची पट्टी सोडली. अंगठा वळवायला सांगितला. तो वळेना.

"शीर तुटलीय. रेडिओचं बारीक काम आता होणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मालक हाताकडे बघत बसला. मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "पण पाटी खोटी होती."

तो उठला आणि डाव्या हातानं त्यानं माझ्या कानफटात मारली. मग परत, तशीच. ओठ फुटला. माझा एक हात गळ्यात बांधलेला होता, दुसरा मोकळा होता. तो मी उचलला नाही.