माझ्या पदरचे पाच सेंटिमीटर

आष्टी तालुक्यातल्या एका गावात सहावीच्या वर्गाला मी आलेख शिकवायला घेतले, तेव्हा माझं वय तेवीस होतं आणि अक्कल त्याच्या निम्मीही नव्हती. अंबाजोगाईला डी.एड. करून आले होते. कडक इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ, आणि या तालुक्याला विज्ञान म्हणजे काय ते आता आपणच दाखवणार, अशी चाल. हापशावरच्या बाया मला बघून बाजूला सरकायच्या. मला वाटायचं, मान देतात. पुढे कळलं, माझ्या उंच टाचांच्या चपला चिखल उडवायच्या म्हणून.

पुस्तकात तापमानाचे आलेख होते. मी ठरवलं, पोरांनी स्वतःच्या उंचीचा आलेख काढायचा. शिंप्याकडून टेप आणली आणि व्हरांड्याच्या खांबाला खिळे ठोकून बसवली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकाने खांबाला पाठ लावून उभं राहायचं, दुसऱ्याने डोक्यावर पाटी आडवी धरायची, तिसऱ्याने आकडा वाचायचा. मग ज्याची उंची त्यानेच आपल्या कागदावर लाल टिंब द्यायचं.

पोरांना येडच लागलं. एकजण मापाच्या आदल्या दिवशी तासभर लिंबाच्या फांदीला लोंबकळला आणि दुसऱ्या दिवशी खांदे धरून रडत आला. वर्गातली सगळ्यात बारकी मुलगी मात्र मापाच्या बाबतीत फार कडक. स्वतः खांबाला उभी असतानाही ओरडायची, "ए, पाटी तिरपी हाय! सरळ धर की!" तिची उंची ऑक्टोबरात एकशे चाळीस भरली.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या ट्रका लागल्या. आईबापांबरोबर पोरंही कारखान्याकडे गेली. निम्मा वर्ग रिकामा. ती बारकीही गेली. पाच महिने कुणी उगवणार नाही, हे गावात शेळ्यांनाही ठाऊक होतं. मीच तेवढी आलेखात ते धरायला विसरले होते.

आणि नेमकं केंद्रप्रमुख सांगून गेले, "बाई, तालुक्याच्या प्रदर्शनात तुमचे आलेख ठेवू." मी कागद काढून बघितले तर निम्म्यांवर नुसती जागा. कशी दिसणार प्रदर्शनात? एका रविवारी चहाचा कप शेजारी ठेवला, लाल पेन्सिलीला टोक केलं आणि गेलेल्या सगळ्या पोरांना घरबसल्या वाढवून टाकलं. मार्चपर्यंतची टिंबं आगाऊच दिली, उगाच पुन्हा त्रास नको. आयांना भाकरी घालघालून जे जमत नव्हतं ते मी अर्ध्या तासात केलं. बारकी माझी लाडकी, म्हणून तिला जरा सढळ हाताने दिलं. मार्चला तिला एकशे सत्तेचाळीसवर पोचवली. काय सुरेख रेघ आली होती! बक्षीसही मिळालं. तो कागद प्रमाणपत्रासकट वर्गाच्या भिंतीवर लागला.

परवा नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तू डेटा बनवलास?"

"डेटा कसला, पोरं बनवली," मी म्हटलं.

पाडव्यानंतर पोरं परत आली. हातांना चिरा, चेहरे रापलेले. बारकी आधी खांबाकडे पळाली. आकडा आला एकशे बेचाळीस. तिने पाटी पुन्हा धरायला लावली. पुन्हा तेवढंच. मग भिंतीवरच्या कागदाकडे बघून मला विचारलं, "बाई, मी आखूड झाले का?"

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण मी विज्ञानाची बाई! गंभीर चेहरा करून म्हणाले, "उन्हाने टेप ताणली जाते, म्हणून माप कमी येतं. आपण त्यात पाच मिळवायचे."

तिने मिळवले, पण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. पुढे पावसाळा आला, तरी मी पाच मिळवायला लावत राहिले. सप्टेंबरात ती टेपवर एकशे चव्वेचाळीस आणि कागदावर एकशे एकोणपन्नास होती. त्या कागदाचं कुणाला काही काम पडेल, असं मला वाटलंच नव्हतं.

तिच्या वडिलांना पडलं. एक दिवस ते मधल्या सुट्टीत आले. "बाई, त्यो उंचीचा कागद पायजे. हेडमास्तरचा शिक्का मारून द्या."

"कशाला हो भाऊ?"

"औंदा पोरीला तिच्या भावासंगं जोडीला धरतो. दोघांचा मिळून एक कोयता धरत्यात, तेवढा पैका वाढतो. टोळीचा मुकादम म्हणतो, पोरगी बारकी हाय, मोळी उचलणार न्हाई. म्हणलं थांब, शाळेचा कागदच दावतो. एकशे एकोणपन्नास हाय म्हणं ती."

म्हणजे आतापर्यंत ती नुसती बरोबर जायची, आता पुरती ऊसतोडणारी होणार होती. सातवी तिथंच संपणार. ती दारात उभी होती. मला ऐकू येईल एवढंच म्हणाली, "बाई, मला न्हाई जायचं."

मी काय केलं असेल? खरं बोलले असेन, असं वाटतं ना? छे! मी म्हणाले, "कागद कपाटात आहे आणि किल्ली हरवलीय."

"ह्यो काय भिंतीवर," ते म्हणाले.

मग इलाजच उरला नाही. म्हटलं, "भाऊ, तो कागद बरोबर नाही. मधली टिंबं मी घरी बसून दिलीत. अंदाजाने."

"अंदाजानं म्हंजी खोटी?"

"खोटी."

ते मग हसले. "लई हुशार हायसा बाई. बक्षीस घेताना खरी आन् आमी मागितली की खोटी? पोरीला ठिवून घ्यायची म्हणून आता कमी सांगताय."

आयुष्यात पहिल्यांदा त्या कागदाबद्दल खरं बोलले होते, आणि तेच खोटं ठरलं!  

बारकीने कोपऱ्यातली पाटी उचलली आणि वडिलांच्या हातात दिली. "आण्णा, तुमीच धरा. बाईला हात लावू देऊ नका."

खांबाला टाचा, पाठ, डोकं लावून ती उभी राहिली. वडिलांनी पाटी टेकवली. "सरळ धरा," ती म्हणाली. त्यांनी सरळ केली आणि वाकून, बोट ठेवत आकडा वाचला. "एकशे... चव्वेचाळीस." पाटी काढून पुन्हा टेकवली. पुन्हा तेच. मग पाटी तशीच हातात धरून ते पोरीकडे बघत राहिले. रोज घरात बघत होते, पण टेपेशी उभी केल्यावर ती त्यांना जरा जास्तच बारकी दिसली असावी. तिचा हात हातात घेऊन त्यांनी मनगट दाबून पाहिलं.

"मुकादमाचं बराबर हाय," ते हळूच म्हणाले. "मोळीखाली दबून जाईल ही."

बारकी खांबाला पाठ तशीच लावून उभी होती.

"आजीजवळ ऱ्हाशील का गावात? शेळ्या बघावं लागतील."

"बघते."

"मग ऱ्हा. सातवी कर." ते पायरी उतरले आणि मागे वळून मला म्हणाले, "पर बाई, हितून पुढं माप पोरगी घेईल. तुमी न्हाई."

मी मान डोलावली. ट्रका गेल्या आणि पहिल्या तारखेला बारकी टेपेशी उभी राहून एकेकाचा आकडा सांगू लागली. मी वही घेऊन खाली बसले होते, आणि ती सांगेल तेवढंच लिहीत होते. नव्या सहावीतल्या एका पोराचं एकशे अडतीस आलं, तर मी सहज म्हणाले, "साडेअडतीस दिसतंय."

"अडतीस," बारकी म्हणाली. मी अडतीस लिहिलं.